देवघेव : लेव्हिन ते ठाणे

आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयात शिरले की समोर एक टेबल असते. पलीकडे बसलेला लिपिक परत आलेले पुस्तक घेतो, तारीख पाहतो, कार्ड पुस्तकाच्या खिशात सरकवतो आणि नवे पुस्तक सभासदाच्या हाती देतो. या टेबलाला आपण ‘देवघेव विभाग’ म्हणतो. इंग्रजीत याच कामाला ‘सर्क्युलेशन’, म्हणजे फिरणे, असा शब्द आहे. त्यात फक्त पुस्तक दिसते. आपल्या शब्दात दोन माणसे दिसतात, एक देणारा आणि एक घेणारा. हा शब्द कुणी रुळवला असेल त्याला ग्रंथालयाचे मर्म कळलेले होते.

गेली काही वर्षे मी सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकीकरणाचा इतिहास जमवतो आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मी वाचक आहे, आणि जुनी पुस्तके शोधण्याच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ग्रंथालयांत बसलेला माणूस आहे. या फिरण्यात एक प्रश्न माझ्या मागे लागला. संगणकावरची यादी, घरबसल्या पुस्तक शोधण्याची सोय, शाखांमध्ये पुस्तकांची अदलाबदल अशा सेवा कशा असाव्यात हे ठरवतो कोण? यंत्र विकणारा, अनुदान देणारा की देवघेवीच्या टेबलामागे बसणारा? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला न्यूझीलंडमधल्या एका लहान गावाच्या इतिहासात सापडले. त्या इतिहासाचा एक धागा ठाण्याला येऊन पोहोचतो, हे तर मला नंतर कळले.

लेव्हिनची अडचण

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, राजधानी वेलिंग्टनच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर लेव्हिन नावाचे गाव आहे. होरोव्हेनुआ जिल्ह्याचे ते मुख्य ठिकाण. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ३० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याहूनही कमी. शेतीभाती, भाजीपाला, दुभती जनावरे यांवर जगणारा हा मुलूख. इथली सार्वजनिक ग्रंथालये होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट चालवत असे. मुख्य ग्रंथालय लेव्हिनला आणि शाखा फॉक्स्टन, शॅनन अशा आणखी लहान गावांत.

१९९९ साली या ट्रस्टपुढे तेव्हा जगभर गाजत असलेलीच अडचण उभी राहिली. त्यांची ग्रंथालयप्रणाली सुमारे १२ वर्षांची जुनी होती आणि वर्षाचे फक्त शेवटचे दोन आकडे ओळखत होती. १ जानेवारी २००० उजाडल्यावर ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे तिला कळणार नव्हते. ज्या व्यवहारात परतीची तारीख हाच कणा, तिथे हा घोळ परवडणारा नव्हता. आपल्या वाचकांना ‘वायटूके’ हा शब्द आठवत असेल. पुण्या-मुंबईच्या कितीतरी तरुणांना परदेशाची वाट त्यानेच दाखवली होती.

ट्रस्टने बाजारात चौकशी केली. मिळणाऱ्या प्रणाल्या मोठ्या शहरांच्या मापाने शिवलेल्या होत्या. त्या महाग होत्या, पण त्याहून मोठी अडचण तारांची होती. त्या प्रणालींना मुख्य ग्रंथालय आणि शाखा यांच्यामध्ये सतत चालू राहणारी वेगवान जोडणी लागे. लेव्हिनच्या शाखा साध्या टेलिफोनच्या तारेवर, मोडेमच्या भरवशावर चालत होत्या. म्हणजे प्रणालीच्या किमतीपेक्षा ती चालवण्याचा खर्च दरवर्षी डोईजड झाला असता. खेड्यातल्या शाखेला सेवा द्यायची म्हणून घेतलेल्या यंत्रापायी खेड्यातली शाखाच बंद करावी लागावी, असा तो पेच होता.

वेलिंग्टनच्या कॅटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीने तेव्हा एक सूचना केली. बाजारातले काही बसत नसेल तर आपण नवे लिहू, आणि ते वेबच्या तंत्रावर, मुक्त स्रोताच्या साधनांतून लिहू. ट्रस्टच्या ग्रंथालयप्रमुख रोझली ब्लेक यांनी हे मान्य केले. हाती जेमतेम चार महिने होते. क्रिस कॉरमॅक हे या प्रणालीचे मुख्य प्रोग्रॅमर.

या चार महिन्यांकडे पाहताना मला रस आहे तो कामाच्या पद्धतीत. प्रोग्रॅमर मंडळींना ग्रंथालय माहीत नव्हते आणि ग्रंथपालांना प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. त्यामुळे टेबलामागे बसणाऱ्यांना आपले काम पायरीपायरीने सांगावे लागले. सभासद आला की आधी काय पाहता? दंड बाकी असेल तर पुस्तक देता की नाही? एकाच कादंबरीच्या चार प्रती असतील तर राखून ठेवलेली कोणती? या उत्तरांतून प्रणाली घडली. देवघेवीचा भाग त्यांनी साध्या अक्षरांच्या पडद्यावर ठेवला, कारण टेलिफोनच्या मंद तारेवरून चित्रे ओढत बसण्यापेक्षा अक्षरे झटकन जातात आणि रांगेत उभ्या माणसाचा वेळ वाचतो. वाचकांसाठीचा शोध मात्र वेबवर दिला. ग्रंथनोंदींसाठी जगभर चालणारा ‘मार्क’ नावाचा काटेकोर नमुना पहिल्या आवृत्तीत नव्हताच. लेव्हिनला त्याची तेव्हा गरज नव्हती. जे लागते ते आधी आणि जे शोभते ते मागून, असा तो क्रम होता. ३ जानेवारी २००० रोजी, नव्या वर्षाच्या सुटीनंतर, प्रणाली सुरू झाली.

नाव ठेवले ‘कोहा’

त्यांनी प्रणालीला नाव दिले ‘कोहा’. हा माओरी शब्द आहे. माओरी लोकांच्या सभास्थानी, म्हणजे ‘मराए’वर, पाहुणे येतात तेव्हा काही भेट घेऊन येतात. पूर्वी धान्य, मासे किंवा विणलेल्या वस्तू देत, आता बहुधा पैसे देतात. ही भेट म्हणजे दान नव्हे. आज तुम्ही दिले, उद्या तुमच्याकडे कार्य असेल तेव्हा आम्ही देऊ, अशी त्यात समज असते. मराठीत याला जवळचा शब्द ‘आहेर’. आपल्या घरी कुणी काय आणले हे वहीत लिहून ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यामागेही परतफेडीची हीच जाणीव आहे.

नाव ठेवले त्याप्रमाणे ट्रस्टने केलेही. प्रणाली २००० सालीच मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. कुणीही ती घ्यावी, वापरावी, बदलावी. बदलून दुसऱ्याला दिली तर ती त्याच अटींवर, मूळ लिखाणासह द्यावी, असा हा परवाना. यात औदार्य होते, आणि सावध हिशेबही होता. एकाच छोट्या कंपनीने लिहिलेली प्रणाली एकाच लहान ग्रंथालयात राहिली असती, तर ती कंपनी उद्या बंद पडल्यावर ग्रंथालयाने कुणाकडे जायचे? दहा ठिकाणी तीच प्रणाली असेल तर दुरुस्त करणारे दहा हात असतील. आहेराचा व्यवहार असाच चालतो. गावातल्या सगळ्यांनी थोडे थोडे दिले की कुणाच्याच घरचे कार्य अडत नाही.

परतीचा आहेर लवकरच आला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील नेल्सनव्हिल या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाला ही प्रणाली हवी होती, पण ‘मार्क’ नमुन्याशिवाय त्यांचे भागत नव्हते. त्यांनी त्या कामासाठी पैसे देऊ केले. फ्रान्समधल्या पॉल पुलँ यांनी ते काम पुढे नेले आणि २००४ च्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत ‘मार्क’ आले. आता गंमत पाहा. एका खेडवळ अमेरिकन ग्रंथालयाने पैसे दिले, एका फ्रेंच माणसाने लिहिले आणि न्यूझीलंडच्या ग्रंथालयाला ते फुकट मिळाले. पुढे तीच सोय जगभरच्या ग्रंथालयांना मिळाली. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर युनिकोडमधल्या लिपींचा शोध नीट होऊ लागला आणि देवनागरीसारख्या लिपींत नोंदी ठेवणाऱ्यांना दार उघडले.

ठाण्यातला आठवडा

कोहा वापरणारे आणि घडवणारे अधूनमधून परिषदेसाठी एकत्र येतात. २०१० ची परिषद दहाव्या वाढदिवसानिमित्त वेलिंग्टनला झाली. त्यानंतरची, २०११ ची, ठाण्यात झाली. विद्या प्रसारक मंडळाने ती भरवली होती. दिवाळी नुकतीच सरली होती. ३१ ऑक्टोबरला परिषद सुरू झाली आणि ६ नोव्हेंबरपर्यंत, आधी भाषणे आणि नंतर प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्याचे दिवस, असा आठवडा चालला.

हे ठाण्यात व्हावे हे मला फार अर्थपूर्ण वाटते. १८९३ साली, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने, याच गावात मराठी ग्रंथ संग्रहालय निघाले. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जमवावे असा त्यामागचा ध्यास. पुढे १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय झाले. त्याआधीची आपली बरीचशी ग्रंथालये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या आश्रयाने निघालेली. रत्नागिरीची तर १८२८ ची. ठाण्याच्या संस्थेने ‘मराठी ग्रंथ’ हे शब्द पाटीवर आणले. आपल्या वाचकाला काय हवे ते आपण ठरवू, हा लेव्हिनचा बाणा ठाण्याला परका नव्हता.

परिषद संपून महिनाही उलटला नव्हता, तोच एक बातमी आली आणि लेव्हिनचे नाव पुन्हा चर्चेत आले. ती समजण्यासाठी जरा मागे जावे लागेल. नेल्सनव्हिलच्या कामातून पुढे आलेल्या मंडळींनी २००५ मध्ये अमेरिकेत लिबलाइम नावाची कंपनी काढली. २००७ मध्ये तिने कॅटिपोचा कोहाविषयीचा व्यवसाय विकत घेतला. २००९ मध्ये तिने आपल्या ग्राहकांसाठी वेगळी आवृत्ती जाहीर केली, तेव्हा ही कंपनी घेते पण देत नाही अशी भावना इतरांत पसरली. २०१० मध्ये पीटीएफएस या कंपनीने लिबलाइम घेतली. दरम्यान जगभरच्या कार्यकर्त्यांनी आपले काम वेगळ्या ठिकाणी हलवले आणि सामायिक मालमत्ता सांभाळण्यासाठी विश्वासाने निवड केली ती लेव्हिनच्या ट्रस्टची.

नोव्हेंबर २०११ मध्ये कळले की न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क त्या अमेरिकन कंपनीच्या अर्जाला मंजूर होतो आहे. ज्या गावाने प्रणाली घडवली, ज्या देशाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून नाव आले, तिथेच ते नाव दुसऱ्याचे होणार होते. ३० हजार वस्तीच्या जिल्ह्याच्या ग्रंथालय ट्रस्टने वकील लावायचा तर पुस्तकांच्या पैशातून लावायचा काय? ट्रस्टने जाहीर मदत मागितली आणि ती देशोदेशींहून आली. कंपनीनेही नाव एखाद्या ना-नफा संस्थेकडे सोपवण्याची तयारी दाखवली, पण प्रकरण लांबले. २०१३ च्या अखेरीस निर्णय लेव्हिनच्या बाजूने लागला.

या वादातून मी एक गोष्ट टिपून ठेवली. प्रोग्रॅमचा परवाना मुक्त असल्यामुळे तो कुणीच हिरावू शकत नव्हते. नावाला मात्र परवान्याचे संरक्षण नव्हते. इलेक्ट्रॉनिक सेवेची आखणी करताना कोणती गोष्ट कुणाच्या मालकीची आहे याची यादी आधीच करावी लागते. यंत्र, प्रोग्रॅम, नाव आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदी, या प्रत्येकाचा मालक कोण?

नोंदी कुणाच्या?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये सुमारे १२ हजार. बहुतेक लोकांच्या संस्थांनी चालवलेली, ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा वर्गांत बसवलेली. काही राज्यांप्रमाणे आपल्या कायद्यात ग्रंथालयकर नाही. गाडा वर्गणी, देणग्या आणि अनुदान यांवर चालतो. संस्थेच्या रचनेच्या दृष्टीने यांतले प्रत्येक ग्रंथालय लेव्हिनचे भावंड आहे: लहान, स्वायत्त आणि पैशाने तोकडे.

संगणक आपल्याकडे आला तो मात्र लेव्हिनच्या उलट वाटेने. आधी यंत्र आले, मग त्यावर काय करायचे याचा विचार झाला. मी बसलेल्या एका तालुक्याच्या ग्रंथालयात कुण्या विक्रेत्याची प्रणाली होती. मराठी नोंदी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत असतो. फॉन्ट गेला की उरते निरर्थक चिन्हांची रांग. विक्रेता पुढे दिसेनासा झाला आणि नोंदी बाहेर काढण्याची सोय त्याने ठेवलेली नव्हती. हजारो पुस्तकांच्या नोंदी त्या पेटीत अडकल्या. ग्रंथपालबाईंनी शांतपणे जुनी दाखलनोंद वही पुन्हा उघडली. वही त्यांच्या मालकीची होती, आणि त्या दोन्ही व्यवस्थांत हाच काय तो खरा फरक होता.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली आहे, महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कोहा चांगली रुजली आहे, फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय अभियान सुरू झाले, युनिकोड घरोघरच्या फोनवर पोहोचले. साधनांची वाण आता पूर्वीइतकी नाही. उरला आहे तो मराठीचा स्वतःचा प्रश्न, आणि तो आपल्यासाठी वेलिंग्टनहून कुणी सोडवणार नाही.

हा प्रश्न शोधाचा आहे. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’, ‘कांही’, ‘पांच’ असे छापलेले आहे. नियमानुसार नोंद मुखपृष्ठाबरहुकूम करायची आणि आजचा वाचक टंकणार ‘नाव’, ‘काही’, ‘पाच’. यंत्राच्या दृष्टीने हे वेगळे शब्द. शिवाय ‘दऱ्या’सारख्या शब्दातला ऱ दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, डोळ्यांना ते सारखे दिसतात, यंत्राला दिसत नाहीत. ‘ॲ’चेही तेच. वाचक शोधतो, पडदा ‘नोंद नाही’ म्हणतो आणि पुस्तक दहा पावलांवरच्या कपाटात असते.

नावांचा गुंता याहून मोठा. राम गणेश गडकरी यांची नाटके त्यांच्या नावाखाली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाखाली आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाखाली. कृष्णाजी केशव दामले म्हटले तर किती जण केशवसुतांपाशी पोहोचतील? ग्रंथालयशास्त्रात यावर जुना उपाय आहे. एक अधिकृत नाव ठरवायचे आणि बाकीची सगळी नावे त्याच्याकडे वळवायची. कोहात त्यासाठी घर तयार आहे, पण त्या घरात मराठी नावे भरायची आपण.

या कामाची पूर्वपीठिका मराठीत आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत सिद्ध केली. संगणकाच्या कितीतरी आधी, नोंद म्हणजे काय आणि ती वाचकाच्या उपयोगी कशी पडते, हे त्यांनी कृतीने दाखवले. आपल्या जुन्या संशोधकांच्या टेबलावर ती सूची असायचीच.

तेव्हा आखणी कशी व्हावी याबद्दल माझे म्हणणे लेव्हिनच्या वहीतूनच घेतलेले आहे. पहिली गोष्ट, यंत्राची निविदा निघण्याआधी देवघेवीच्या टेबलावरच्या माणसाने आपले काम कागदावर लिहावे आणि त्या कागदाला निविदेत पहिली जागा असावी. दुसरी, नोंदी युनिकोडमध्ये आणि सर्वमान्य नमुन्यात कधीही बाहेर काढता येतील, अशी लेखी अट असल्याखेरीज कुठलीही प्रणाली घेऊ नये, फुकट मिळाली तरी. तिसरी, सगळ्यात मंद तार आणि सगळ्यात लहान शाखा हे माप धरावे. तिथे जे चालेल ते जिल्ह्याच्या ठिकाणी चालेलच.

चौथी गोष्ट परतीच्या आहेराची. २०११ मध्ये कोहा पाहुणी म्हणून ठाण्याला आली आणि आपण ती वापरत आहोत. मराठी लेखकांच्या खऱ्या-टोपण नावांची एक अधिकृत यादी, आणि जुन्या-नव्या लेखनाची जुळणी करणारा एक तक्ता, एवढे जरी आपल्या १२ हजारांपैकी शे-दीडशे ग्रंथालयांनी वाटून घेऊन तयार केले आणि मुक्त ठेवले, तरी मराठी पुस्तके सांभाळणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाला ते वापरता येईल. मग ते बडोद्याचे असो, इंदूरचे असो की परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाचे. एका ग्रंथालयाने एका अक्षराची नावे घेतली तरी काम सुरू होते. ‘अ’ कुणी घ्यायचा हे ठरवायला एक बैठक पुरे, आणि ती बैठक भरवायला मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या गावाइतके योग्य गाव मला दुसरे दिसत नाही.